भावानं मागितलेला शब्द

पुरुषमंडळी पहाटे पाचलाच दोन गाड्या करून खलघाटाला गेली होती, नर्मदेवर. जगदेवराव बागलांचा दहावा होता. तिकडं पिंडदान झालं की संग्राम, म्हणजे जगदेवरावांचा मुलगा, घरी फोन करणार. फोन आला की इकडं धारला न्हाणीघरात भवानीबाईंचं कुंकू पुसायचं, बांगड्या उतरवायच्या, मंगळसूत्र काढायचं. पुरुष दारात यायच्या आत सगळं आटपलेलं हवं, ही बागलांची रीत. आणि हे करायचं कुणी, तर घराण्यातल्या सगळ्यात थोर विधवेनं. सवाष्णीचा हात त्याला लावत नाहीत, अपशकुन होतो म्हणे. म्हणजे आलं कुणाच्या वाट्याला? दुर्गाबाईंच्या. जगदेवरावांची थोरली बहीण, वय वर्षं ऐंशी, सगळ्या भाऊबंदकीची ताई.

ताईनं आजवर अकरा जणींची कपाळं पुसली होती. धारच्या, देवासच्या, धामनोदच्या. कुणाकडं गमी झाली, कुणी गेलं, की नवव्या दिवशी गाडी पाठवायचे, ताईंना घेऊन या म्हणून. लग्नामुंजीला मात्र कुणी गाडी पाठवल्याचं तिला आठवत नव्हतं. शेवटची अकरावी म्हणजे धामनोदच्या गणोजीची सून देवश्री. तीन वर्षांपूर्वी तिचा नवरा अंकित घाटात ट्रकखाली गेला, तेव्हा पोर अठ्ठावीसची होती. आज तीही आली होती आणि बाहेरच्या खोलीत कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती.

नऊ वाजून गेले तरी फोन आला नव्हता. खोली बायकांनी भरली होती आणि जगदेवरावांचं गुणगान चाललं होतं. त्यात पुढं होत्या देवासच्या वहिनी, ताईच्या चुलतभावाची बायको. कपाळावर ठसठशीत कुंकू आणि तोंडाला विसावा म्हणून नाही.

"असा नवरा सात जन्म उपास करून मिळायचा नाही हो," वहिनी म्हणाल्या.

ताईच्या मनात आलं, जा मग खलघाटाला आणि सांग त्यालाच. पण खोटं काय होतं त्यात? जगू होताच तसा.

वीज मंडळात लाइनमन म्हणून लागला आणि लाइन इन्स्पेक्टर होऊन निवृत्त झाला. सतवास, धामनोद, मग धार, अडतीस वर्षं खांबांवरच गेली. खांबावर चढणाऱ्याच्या बायकोचा जीव कायम टांगलेला. सतवासला असताना बरोबरीचा एक लाइनमन तारेला चिकटून गेला. त्या दिवसापासून भवानीनं ठरवलं, हा घरी येईपर्यंत घास घ्यायचा नाही. मग यानं काय करावं? गल्लीच्या तोंडाशी आला की सायकलची घंटी दोनदा वाजवायची, आलो म्हणून. पुढं मोटारसायकल आली, तरी हॉर्न दोनदाच. मित्र चौकात कचोरी खायला थांबायचे, हा थांबायचा नाही. बाईलवेडा म्हणायचे त्याला. हा दात काढून सांगायचा, "हो भिया, आहे मी. तुला काही तकलीफ?"

भवानीचा हात मोडला तेव्हा तर कहरच केला. उजवा हात दोन महिने प्लास्टरमध्ये. वेणी कोण घालणार? सून होती, ताई होती. पण नाही! यानं ताईसमोर पाटावर बसून, लोकरीचे तीन धागे घेऊन, वेणी शिकून घेतली. मग रोज सकाळी ओट्यावर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, दाढीमिशांचा हा गडी बायकोचे केस विंचरत बसायचा. प्लास्टर निघालं तरी विंचरणं थांबलं नाही. "सवय लागली तिला," म्हणायचा. सवय कुणाला लागली होती ते आख्खी गल्ली जाणून होती.

आणि नात! वैभवी म्हणजे त्याच्या काळजाचा तुकडा. पोरीला देवासच्या कारखान्यात नोकरी लागली. पहिल्या दिवशी सोडायला गेला तो परत आलाच नाही. संध्याकाळी कळलं, साडेनऊपासून साडेपाचपर्यंत कारखान्याच्या फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर बसून होता. का? तर "पोरगीला करमलं नाही आणि लगेच घरी यावंसं वाटलं तर?" वैभवी तिथं रमली. पण रोज सकाळी सव्वाआठला तिच्या आबांचा, म्हणजे जगूचा, आवाज तिच्या मोबाइलवर पोचायचा, डबा नेलास का, पाणी नेलंस का. पोरगी हिंदी शाळेत शिकलेली, मराठी वाचायला तिला जड जातं, म्हणून म्हातारा लिहीत नसे, बोलून पाठवायचा.

हे सगळं खरं. ताई कधी नाही म्हणाली नव्हती. पण तिच्या पोटात एक काटा होता, आणि गेले तीन महिने तो फारच सलत होता.

माघात इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदय कमजोर झालंय, औषधांवर जितके दिवस निघतील तितके. घरी येऊन जगूनं भवानीला सांगितलं, गॅसेस आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी तो ताईच्या खोलीत आला, पलंगाच्या कडेवर बसला आणि खरं काय ते सांगितलं. ताईच्या हातातली माळ थांबली. ती काही बोलणार तेवढ्यात तो म्हणाला, "ताई, एक शब्द दे. माझ्या मागं भवानीच्या कपाळाला हात लावायचा नाहीस. तिला हे सोसणार नाही गं."

धाकटा भाऊ मरायला टेकलाय म्हणून रडावं की नाही? ताईला रडू आलं नाही. तिच्या डोक्यात तिडीकच गेली.

"आणि मला सोसलं?" ती म्हणाली. "माझ्या वेळी कुठं होतास रे तू?"

कुठं होता ते दोघांनाही माहीत होतं. एक्कावन्न वर्षांपूर्वी, देवासला, ताईच्या सासरी. ताईचा नवरा काविळीनं गेला होता. ती एकोणतीस वर्षांची, मूल नाही. दहाव्याला चुलतसासूनं तिला न्हाणीत बसवलं. त्यांच्यात पाणी ओतायला माहेरची बाई लागते, म्हणून भवानीला उभं केलं, वीस वर्षांची, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. आणि जगू? जगू खिडकीखाली गल्लीत उभा होता. ताईनं बांगड्या फुटताना त्याच्या नावानं हाक मारली होती. जगू, जगू! तो आत आला नाही. संध्याकाळी तिची ट्रंक उचलून तिला धारच्या मोटारीत बसवलं, खिडकीजवळची जागा दिली, आणि घरी आणलं.

घरी आणलं, हे मात्र खरं. पुढं एक्कावन्न वर्षं तिला कधी उपऱ्यासारखं वागवलं नाही. स्वतः बांधलेल्या या घरात सगळ्यात उजेडाची खोली तिला दिली. "ताई जेवली का?" विचारल्याशिवाय कधी पाटावर बसला नाही. संक्रांतीला बाहेर हळदीकुंकवाला बायका यायच्या, ताई आत तिळगूळ वळत बसायची, तेव्हा हा मुद्दाम आत येऊन तिच्याजवळ बसायचा, मटार सोलायचा, गप्पा मारायचा. पण "ताई, बाहेर चल, तूही बस," असं एकदासुद्धा म्हणाला? नाव नको! बायकोसाठी याला तोंड फुटलं, तेही मरणाच्या दारात. बहिणीसाठी एक्कावन्न वर्षांत फुटलं नाही.

त्या दिवशी जगू उठून गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. पुन्हा तेच मागणं, पुन्हा तेच उत्तर. असं कितीतरी दिवस चाललं. चुकलो, एवढं एकदा म्हणाला असता तर ताईनं तिथल्या तिथं शब्द दिला असता. ते त्याला सुचलं नाही. शेवटी एकदा म्हणाला, "तुझ्या वेळी मी भ्यालो, ताई. आत्ताही भीतोय. आत्ता तुलाच भीतोय."

"भी," ताई म्हणाली होती.

त्यानंतर तीन आठवड्यांनी तो गेला. ओट्यावर भवानीच्या केसांचा गुंता काढता काढता तिच्याच खांद्यावर कलला. शब्द मिळाला नाही तो नाहीच.

दहाला दहा कमी असताना फोन वाजला. सूनबाईंनी, उर्वशीनं, उचलला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला. मागं वाऱ्याचा आणि लोकांचा गलका, त्यात संग्रामचा बसलेला आवाज, "इकडचं सगळं हो गया. आम्ही निघतोय. दीड तासात पोचतो."

मग वहिनींनीच तोंड उघडलं, "चला ताई. उगीच वेळ कशाला? आत जाऊन उरका."

आतल्या खोलीतून भवानी आली. एकाहत्तर वर्षांची. रीतीप्रमाणे सकाळी तिला कपाळभर मोठं कुंकू लावलं होतं, हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा भरला होता. ती कुणाकडं न बघता न्हाणीघराकडं चालू लागली. ताई गुडघ्यावर हात देऊन उठली आणि तिच्या मागं निघाली.

न्हाणीघराच्या दारात वैभवी आडवी उभी होती. रडून रडून डोळे सुजलेले, पण मान ताठ.

"आत्याआजी, आजीला हात लावायचा नाही. आबांनी मना केलं होतं तुम्हाला. मला पता आहे, त्यांनी मला बोलून दाखवलं होतं."

"सरक," ताई म्हणाली.

"नाही सरकणार! तुम्हाला काहीच कसं वाटत नाही? त्यांची सख्खी बहीण आहात तुम्ही!"

ताईनं तिच्या दंडाला धरून तिला बाजूला केलं. ऐंशीची असली तरी पाटा-वरवंट्याचा हात होता तो. दोघी आत गेल्या आणि ताईनं आतून कडी घातली. लगेच बाहेरून दारावर थापा सुरू झाल्या. आत्याआजी, दार उघडा! आई, सांग ना त्यांना! उर्वशी बिचारी कुणाला काय सांगणार?

आत भवानी स्टुलावर बसली होती. पदर तिनं स्वतःच मागं सारला होता. समोर बादली होती, पाण्याची वाफ निघत होती.

"लवकर करा, वन्सं. पोरगी घसा फोडून घेईल," भवानी म्हणाली.

ताईनं तांब्या बुडवला. भरलेला तांब्या तिनं तसाच धरून ठेवला, आणि त्याचा तिला राग आला. अकरा वेळा ती अशी थांबली नव्हती.

"यांनी तुमच्याकडं मागणं मागितलं ते मला कळलं होतं," भवानी म्हणाली. "मी रागावले त्यांना. म्हटलं, कुठल्या तोंडानं मागता? पाणी तर मीच ओतलं होतं वन्संवर."

"तू पोर होतीस."

"वीस वर्षांची घोडी होते. पौष महिना, रांजणातलं गार पाणी. तुम्ही कुडकुडत होतात. चुलीवर आधण उकळत होतं, चार पावलांवर. दोन तांबे गरम घातले असते तर कुणी खाल्लं असतं मला? पण नाही सुचलं. नाही, सुचलं होतं. धीर झाला नाही." तिनं नाक ओढलं. "तुम्ही माझं करा वन्सं. माझी ना नाही. आजपर्यंत तुमच्यासमोर कुंकू लावताना दर सकाळी मला लाज वाटलीय. यांना नाही सांगितलं कधी. तुम्ही पुसा. फक्त एक सांगा, पुसल्यानं तुमचा राग जाईल ना?"

दारावर वैभवीच्या थापा पडतच होत्या. ताईनं ओला हात वर केला होता, तो भवानीच्या कपाळापासून वीतभर अंतरावर तसाच राहिला. तिला एकेक कपाळ आठवायला लागलं. देवासची, धारची, ती धामनोदची पोर. दर वेळी घरी येताना गाडीत तिला वाटायचं, आता तरी आत थंड होईल. लोक म्हणायचे, ताईंचं मन किती घट्ट आहे, रीत म्हणजे रीत. रीत कसली डोंबलाची!

"नाही गं," ताई म्हणाली. "जात नाही. अकरा वेळा करून बघितलंय."

तिनं तांब्या बादलीत टाकला आणि खाली ओल्या फरशीवरच बसली. मग मात्र तिला रडू फुटलं. दहा दिवस फुटलं नव्हतं ते फुटलं, आणि तिनं जगूच्या नावानं मोठ्यानं हंबरडा फोडला. बाहेरच्या थापा थांबल्या. भवानी स्टुलावरून उतरून तिच्याजवळ बसली, आणि दोघी म्हाताऱ्या एकमेकींना धरून, लाज न बाळगता, पोटभर रडल्या.

थोड्या वेळानं ताईनं पदरानं तोंड पुसलं, भवानीच्या आधारानं उठली आणि कडी काढली. दारात वैभवी, तिच्या मागं सगळ्या बायका. सगळ्यांचे डोळे आधी भवानीच्या कपाळाकडं गेले.

"अगंबाई!" वहिनी म्हणाल्या. "हे काय? तसंच?"

"तसंच," ताई म्हणाली. "आणि तसंच राहणार. चुडाही राहणार."

"अहो पण पुरुष येतील आता. रीत काय सांगते? कुणीतरी पुसायला हवं की नको?"

"मी पुसणार नाही. विधवेचाच हात लागतो ना तुमच्या रीतीला? फार घाई असेल तर तुम्ही विधवा होऊन या वहिनी, मग खुशाल पुसा."

वहिनींनी झटकन स्वतःचं मंगळसूत्र मुठीत धरलं. त्यांचे यजमान त्या घडीला खलघाटाहून निघालेल्या गाडीत बसलेले होते. "काय जळली जीभ ही! दहाव्याच्या दिवशी असलं अभद्र!"

"तेच म्हणतेय मी. अभद्र आहे ना? मग तिच्या कपाळाशी का करायचं?"

वैभवीनं आजीला घट्ट मिठी मारली. पण वहिनी इतक्यात हरणाऱ्या नव्हत्या. त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि ती कोपऱ्यावर जाऊन थांबली.

"देवश्री," त्या म्हणाल्या, "ताई थकल्यात. तू हो पुढं. तुझा हात चालतो. घराण्याची रीत तुझ्या हातून राहू दे."

हे ताईच्या ध्यानातच आलं नव्हतं. देवश्री उठली. करड्या रंगाची साडी, मोकळं कपाळ, मोकळे हात. बायकांनी पाय आखडून तिला वाट दिली. ती सरळ चालत आली आणि भवानीच्या समोर उभी राहिली. वैभवीनं आजीला आणखी आवळून धरलं. ताई मध्ये जायला लागली, पण देवश्रीनं भवानीकडं एकदाच बघितलं आणि ती ताईकडं वळली.

"आत्यासाहेब, माझ्या दहाव्याला मी तुमचा हात धरला होता. दोन्ही हातांनी. आठवतं?"

"आठवतं," ताई म्हणाली.

"मी म्हटलं होतं, निदान टिकली ठेवा, माझी मुलगी लहान आहे, घाबरेल. तुम्ही हात सोडवून घेतलात आणि पुसलंत. मला वाटलं, तुम्हाला रीत मोडता येत नसेल. आज कशी मोडली?"

म्हातारी आहे, दुःखात आहे, असं म्हणून कुणीतरी विषय बदलेल म्हणून ताईनं क्षणभर वाट बघितली. कुणी बदलला नाही.

"तेव्हाही मोडता आली असती," ती म्हणाली. "मोडली नाही. मला झालं होतं, म्हणून तुलाही होऊ दे, असं वाटलं. तुझा काही दोष नव्हता."

देवश्री वहिनींकडं वळून म्हणाली, "मी नाही पुसणार, काकी. माझ्याच्यानं व्हायचं नाही." मग तिनं भवानीचा हात धरून तिला खुर्चीवर बसवलं, विस्कटलेला पदर नीट केला आणि उर्वशीला विचारलं, साखर-चहा कुठं ठेवलाय. या घरात सकाळपासून कुणाच्या पोटात चहा नव्हता.

"देवश्री," ताईनं मागून हाक मारली. "चुकले गं मी."

देवश्री स्वयंपाकघराच्या दारात थांबली. वळून तिनं ताईकडं नीट बघितलं.

"हो," ती म्हणाली. "चुकलात." आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली.